गप्प मुलगी आणि कॉलेजचे न छापलेले नियम

प्रश्न : आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मुलगी पहिलीच. वर्गात काही विचारत नाही. 'नोकरी लागेल ना?' एवढीच काळजी. तिला शिक्षणाची गोडी नाही का? – एक पालक, सांगोला

उत्तर : हा बहुधा गोडीचा प्रश्न नसतो. सुशिक्षित घरातली मुले विद्यापीठाला मानवणारी भाषा आणि वावर घरूनच आणतात नि संस्था त्यालाच हुशारी समजते, असे बुर्दिए व पासरों या फ्रेंच समाजशास्त्रज्ञांनी १९६४ सालीच मांडले होते. कष्टकरी घरांत मोठ्यांपुढे उलट प्रश्न न करण्याचे वळण असते. कॉलेजात तीच अदब अनास्था ठरते. नोकरीची चिंताही उथळ नव्हे. उसनवारीने फी भरणाऱ्या घराला 'आवड शोधण्याची' चैन परवडत नाही.

अशा मुलीने तासानंतर एकच नेमका प्रश्न घेऊन प्राध्यापकांना भेटावे. तशाच घरातून आलेल्या, वरच्या वर्गातल्या मुलीची ओळख तर त्याहून उपयोगी. कॉलेजात 'कमवा व शिका' योजना आहे का, हे विचारावे. शिष्यवृत्तीसाठी राज्य सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावर मुदतीत अर्ज करावा, उत्पन्नाचा दाखला आधीच काढावा. नोकरीची हमी देणाऱ्या महागड्या क्लासपासून मात्र जपावे. हजेरी किंवा जेवणझोप ढासळली, तर समुपदेशकाला लगेच गाठावे.