कोरडवाहु ज्वारी आणि विद्यापीठाचा शिवारांतील वर्ग

विद्यापीठाचे लोक येतात, बोलतात व निघून जातात. त्यांचे सल्ले बागायतदारांच्या कामाचे, आपल्या कोरडवाहु रानाशीं त्यांचा काय संबंध, अशी तक्रार सोलापूर जिल्ह्यांत वारंवार ऐकूं येते. आम्हीहि पुष्कळ दिवस हेंच म्हणत होतों. दोन हंगामांत आमचें मत पालटलें, तें कसें, हें येथें सांगावयाचें आहे.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, ही विद्या परक्या मुलखांतून आलेली नाहीं. सोलापूरचें कोरडवाहु शेती संशोधन केंद्र 1933 सालचें. रुंद पाभर, थोडें बीं, पेरणीपूर्वी वारंवार कुळवणी आणि पुढें कोळपणी ही जी 'मुंबई पद्धति' म्हणून प्रसिद्ध झाली, तिची पारख आपल्याच काळ्या रानांत झाली. मालदांडी 35-1 हा वाणहि स्वातंत्र्यापूर्वी मोहोळास स्थानिक मालदांडींतून निवडून काढलेला आहे. 1968 सालीं कृषि विद्यापीठ निघालें, त्याचें ठाणें राहुरीस झालें, व संशोधनाबरोबर तें ज्ञान बांधापर्यंत पोंचविण्याचें कामहि त्याजकडे आलें. अमेरिकेंत अशा विस्तार-शिक्षणास 1914 सालीं कायद्याचा आधार मिळाला. आपल्याकडे पहिलें कृषि विज्ञान केंद्र 1974 सालीं पुदुच्चेरीस उघडलें. आतां मोहोळास असें केंद्र आहे व तें विद्यापीठाचेंच आहे.

आम्ही प्रथम वर्गास गेलों तें खरें म्हणजे शेजाऱ्याच्या आग्रहामुळें. तेथें विचारणा झाली, "आपल्या रानाची माती किती खोल आहे?" आम्हीं महसूल खात्यांत कारकुनी केलेली, गांव नमुना बारा कित्येक वर्षे भरला, कोणत्या गटाचा आकार किती, हें तोंडपाठ. परंतु ह्या प्रश्नास उत्तर सुचेना. वाचकांस कदाचित् ठाऊक नसेल, 1836 पासून इंदापुराकडे विंगेट व गोल्डस्मिड ह्यांनीं जी जमीनपाहणी चालविली, तिच्यांत मातीची खोली हातांनीं मोजून प्रत ठरविली जात असे. पावणेदोन हात खोल माती उत्तम समजत. ती खोली सरकारनें साऱ्याकरितां पाहिली; आम्हीं बियाण्याकरितां कधीं पाहिली नाहीं!

दुसऱ्या दिवशीं शेतांत तीन ठिकाणीं खड्डे घेतले. ओढ्याकडे माती कमरेइतकी निघाली आणि माळाच्या बाजूस वीतभरावर मुरूम लागला. सगळ्या रानांत एकच बीं पेरण्याची चूक येथें उघडी पडली. विद्यापीठाची शिफारस अशी आहे कीं, हलक्या जमिनींत फुले अनुराधा, मध्यमांत फुले सुचित्रा व भारी जमिनींत फुले वसुधा हा वाण घ्यावा. हलक्या रानांत ओल लवकर संपते, म्हणून तेथें लवकर निसवणारा वाण पाहिजे; भारी रानांत उशिरा पिकणारा वाण खालची ओल ओढून घेतो. भाकरीच्या चवीकरितां मालदांडीच हवी असें म्हणणारे आमच्या घरींहि आहेत, त्यांच्याशीं आम्ही वाद घालीत नाहीं.

दुसरा पाठ बंदिस्त वाफ्यांचा. रब्बीचें रान पावसाळ्यांत मोकळें असतें व जोराचा पाऊस मातीसह वाहून जातो. म्हणून जुलैंतच, उतार पाहून, सहा ते दहा मीटर लांबरुंद वाफे सारायंत्रानें पाडावे, म्हणजे पडेल तें पाणी जागींच मुरतें. पहिल्या वर्षीं आम्हीं हे वाफे सप्टेंबराच्या मध्यास पाडले. मोठे पाऊस तोंपर्यंत होऊन गेले होते. ज्वारी जेमतेम आली आणि आम्हीं चावडीवर विद्यापीठास नांवें ठेविलीं. दोष सल्ल्याचा नव्हता, आमच्या आळसाचा होता. पुढील वर्षीं जुलैंत अर्ध्या रानांत वाफे पाडले, अर्धे तसेंच ठेविलें. डिसेंबरांत उघड्या भागांतील पानें खालून करपूं लागलीं. वाफ्यांच्या भागांत कणीस दाण्यानें भरलें, व कडबाहि उंच झाला. 2019 सालीं सांगोला व मंगळवेढ्याकडे चारा छावण्या पाहिलेल्या माणसास ह्या कडब्याचें मोल सांगावें लागत नाहीं.

बाकीच्या गोष्टी थोडक्यांत. काणी रोगाकरितां किलोभर बियाण्यास चार ग्रॅम गंधकाची भुकटी चोळावी. दोन ओळींत 45 सेंटिमीटर अंतर ठेवावें. पेरणीनंतर तिसऱ्या, पांचव्या व आठव्या आठवड्यांत कोळपावें. शेवटची कोळपणी दातेरी कोळप्यानें करावी. तिनें भेगा बुजतात व ओल उडून जात नाहीं. ही शेवटचीच पाळी बहुतेक लोक चुकवितात, आणि तीच ज्वारीस तारते.

एक उणीव मात्र बोलून दाखविली पाहिजे. बियाणें निवडणें, खुरपणें, कणसें खुडणें हीं कामें घरोघरीं बायका करतात. परंतु वर्ग भरतो भर दुपारीं, आणि खुर्च्यांवर बसतों आम्ही पुरुष. गंधक चोळण्याचें प्रात्यक्षिक आम्हीं पाहिलें, तें घरीं येऊन सांगितलें अर्धवट, आणि बियाणें हाताळलें आमच्या सूनबाईंनीं. त्यांनीं विचारलेल्या दोन प्रश्नांस आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. म्हणून पुढील वर्ग सकाळीं आठास, देवळासमोर, बायकांसह भरवावा, असा अर्ज आम्हीं गांवाच्या वतीनें केला आहे. त्यावर सत्तावीस सह्या आहेत. त्यांतील अकरा बायकांच्या.