मुतखडा आणि रानांतील औषधें

चैत्र-वैशाखांत शहापूर व मुरबाड तालुक्यांतील विहिरी तळ गाठतात. तानसा व भातसा या जलाशयांचें पाणी मुंबईस जातें, आणि शेजारच्या पाड्यांवरील बायांस हंडाभर पाण्यासाठीं टँकरची वाट पाहावी लागते. अशा दिवसांत उन्हांत राबणारा मनुष्य घाम पुष्कळ गाळतो व पाणी थोडें पितो. मग मूत्र घट्ट होतें आणि त्यांतील क्षारांचे खडे बनतात. हाच मुतखडा. मूत्रपिंडांत असेपर्यंत तो पुष्कळदां कळतहि नाहीं; परंतु मूत्रनलिकेंत अडकला म्हणजे कुशीपासून जांघेपर्यंत अशी कळ येते कीं धडधाकट गडी जमिनीवर लोळूं लागतो.

अशा वेळीं पुष्कळ लोक पानफुटीचीं पानें चावून खातात. हिच्या पानाच्या कडेस नवीं रोपें फुटतात, म्हणून हें नांव. आपण हिला अगदीं आपली समजतों, पण ती मूळची मादागास्कर बेटाची. तिचीं पानें सकाळीं आंबट व दुपारीं बेचव लागतात, हें बेंजामिन हाइन या मोरेव्हियन मिशनरीनें हिंदुस्थानांत चाखून पाहिलें, आणि त्याची ती टिपणी 1815 सालीं लंडनांत छापली गेली. मात्र हिच्यांत हृदयावर परिणाम करणारीं द्रव्यें आहेत. गुरांनीं फार खाल्ली तर तीं दगावतात. सबब हृदयविकार असलेल्यानें हिच्यापासून दूर राहावें.

वायवर्ण्याची गोष्ट अधिक जुनी. ज्याच्या कोंवळ्या पानांची आपण भाजी करितों, तोच वैद्यांचा वरुण. त्याची साल मुतखड्यावर देतात. गोखरू, पुनर्नवा व कुळथाचें कढण हींहि त्याच पंक्तींतलीं. पाषाणभेदाचें नांव मात्र निरनिराळ्या वनस्पतींस देतात. खरा हिमालयांत होतो, तेव्हां बाजारांतली पुडी कशाची, हें विचारून घ्यावें.

यांनीं खडा विरघळतो काय? कांचेच्या नळींत व उंदरांवर कांहीं गुण दिसला आहे. मनुष्याच्या ठायीं जमलेला खडा हमखास विरघळतो, असें सिद्ध झालेलें नाहीं. पांच मिलिमीटरपर्यंतचा खडा बहुधा आपोआप पडतो, आणि श्रेय शेवटीं घेतलेल्या पाल्यास मिळतें! काढ्याबरोबर पोटांत जाणारें पाणी हेंच पुष्कळदां खरें औषध. दिवसांत अडीच लिटर लघवी होईल इतकें पाणी प्यावें; लिंबाचें सरबत चांगलें, मीठ कमी. दूध-ताक सोडूं नये. ते सोडल्यानें उलट अपाय होतो.

सुश्रुतसंहितेंतहि औषधांनीं गुण न आल्यास शस्त्रक्रिया सांगितली आहे. म्हणून उपदेशक बंधूंनीं हें ध्यानांत ठेवावें: कळेबरोबर थंडीताप आला, लघवी बंद झाली, वांति थांबेना, किंवा रोगी गरोदर असेल, तर काढ्यांत एक रात्रहि दवडूं नये. शहापूरचें उपजिल्हा रुग्णालय किंवा मुरबाडचें ग्रामीण रुग्णालय तत्काळ गांठावें. कळ थांबली म्हणजे खडा पडलाच असें नव्हे. अडकलेला खडा मुकाट्यानें मूत्रपिंड निकामी करूं शकतो. यास्तव रोग्यानें लघवी फडक्यांतून गाळावी, आणि खडा सांपडल्यास तो कागदांत बांधून डॉक्टरांस दाखवावा.