आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

दहावीचा निकाल लागला की भोर भागातून फोन सुरू होतात, आणि प्रश्न तेच तीन असतात. "सर, मार्क चांगले पडलेत, पण इंग्लिश बोलता येत नाही. कुठला क्लास लावू?" "सायन्सला टाकलं तर सगळं इंग्लिशमधून, झेपेल का?" आणि मग धाकट्या लेकीबद्दल, "मोठ्याचं राहू द्या, हिला तरी आताच इंग्लिश मीडियमला टाकू का?" आंबवडे असो, कारी असो, कोर्ले असो. शेजारच्या वेल्हे तालुक्याचं नाव राजगड झालं, पण तिकडून येणारे प्रश्न मात्र जुनेच आहेत.

उत्तर आधीच देऊन टाकतो. 'तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी' अशी पाटी दिसली की पुढे चालू लागा. तुमचं मूल बोलत नाही, कारण त्यानं इंग्रजी पुरेसं ऐकलेलं नाही आणि समजून वाचलेलं तर त्याहून कमी. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी सुरू होतं. म्हणजे मराठी माध्यमाचं मूल दहावीला बसतं, तेव्हा त्याची इंग्रजीची दहा वर्षं झालेली असतात. या दहा वर्षांत सलग दहा मिनिटं इंग्रजी कधी ऐकलंस, असं त्याला विचारून बघा. वर्गात सर धड्यातल्या दोन ओळी वाचतात, लगेच मराठीत अर्थ सांगतात, मुलं तो अर्थ शब्दांच्या डोक्यावर पेन्सिलीनं लिहून घेतात. कानाला काम असं पडतच नाही. बोर्डाच्या इंग्रजीच्या १०० गुणांपैकी ८० लेखी आणि २० शाळेच्या हातातले. त्या वीसांत मुलाच्या कानाची परीक्षा किती मनापासून होते, ते तुम्हीही जाणता.

वाचनाचं म्हणाल, तर आम्ही मुलांना वाचायला नव्हे, शोधायला शिकवलं आहे. प्रश्नातला शब्द उताऱ्यात हुडकायचा आणि ती ओळ उतरवायची. समजा उतारा असा आहे: 'सुरेश मिस्ड द मॉर्निंग बस फ्रॉम आंबवडे, सो ही वॉक्ड टू भोर. व्हेन ही रीच्ड द कॉलेज, हिज सिस्टर वॉज ऑलरेडी सिटिंग इन द क्लास.' सुरेश भोरला कसा गेला, हे कुणीही बरोबर लिहितं. कॉलेजात आधी कोण पोचलं, असं विचारलं की बरीच मुलं 'सुरेश' लिहून मोकळी होतात. का? 'रीच्ड द कॉलेज' हे शब्द सुरेशच्या वाक्यात सापडले! बहीण आधीच वर्गात बसलेली आहे, हे चित्र डोळ्यांपुढे उभंच राहिलं नाही. अशा मुलाला इंग्रजीत ८० पडले तरी अकरावीचं फिजिक्सचं पुस्तक त्याला परकंच वाटणार.

हे एकट्या भोरचं दुखणं नाही. 'असर' या शैक्षणिक अहवालासाठी २०२३ साली देशाच्या ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलांची पाहणी झाली. इंग्रजी वाक्यं वाचता आली ५७.३ टक्के मुलांना, आणि या वाचणाऱ्यांतल्याही साधारण चौथ्या हिश्श्याला त्यांचा अर्थ सांगता आला नाही.

आता जरा लांब जाऊ. चीनमधल्या मुलाच्याही घरात इंग्रजी नसतं, बाजारात नसतं, एसटीत नसतं. तिथे २००१ पासून तिसरीला इंग्रजी सुरू करण्याचं धोरण आलं. बारावीनंतर जूनमध्ये 'गावखाव' ही प्रवेश परीक्षा असते. एकूण ७५० गुणांपैकी इंग्रजीला १५०, आणि देशपातळीवरच्या प्रश्नपत्रिकेत त्यातले ३० निव्वळ ऐकण्याचे. संवाद लागतो, मूल ऐकतं, पर्याय निवडतं. वाचनाच्या उताऱ्यांना त्याहून जास्त वजन. त्या परीक्षेचा जाच काही आपल्याकडे आणावा असा नाही, आपला आपल्याला पुरे आहे. पण परीक्षेत ऐकणं आलं की शाळेत रोज ऐकणं येतं, एवढं त्यातून घेण्यासारखं आहे. बोलण्याचं खूळ त्यांच्याकडेही येऊन गेलं. ली यांग नावाच्या गृहस्थांनी १९९०च्या दशकात 'क्रेझी इंग्लिश' काढलं आणि मैदानात हजारोंना उभं करून इंग्रजी वाक्यं बेंबीच्या देठापासून ओरडायला लावली. आपल्या क्लासमध्ये निदान आवाज बेताचा असतो.

या क्लासमध्ये शिकवतात काय? 'इंट्रोड्यूस युअरसेल्फ'. माझं नाव अमुक, वडील शेती करतात, माझा छंद वाचन (जे खोटं असतं). तीन महिन्यांत मूल हे घडाघडा म्हणून दाखवतं, आईवडिलांना पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात. मग शिरवळच्या एखाद्या कंपनीत मुलाखतीला जातं. समोरचा म्हणतो, छान, मग गेल्या महिन्यात काय वाचलंत? हा प्रश्न पाठांतरात नव्हता. मूल गप्प. घरी येऊन सांगतं, मला बोलता आलं नाही. बोलण्याचा प्रश्नच नव्हता तो, त्याला प्रश्नच कळला नव्हता.

तेव्हा कानापासून सुरुवात करा. मोबाइल घरात आहेच. बीबीसीचा 'सिक्स मिनिट इंग्लिश' नावाचा कार्यक्रम फुकट मिळतो, त्यात दोन माणसं सहा मिनिटं गप्पा मारतात आणि त्यांचं सगळं बोलणं लिहिलेलंही मिळतं. सहाच्या सहा मिनिटं ऐकायची नाहीत. पहिलं एक मिनिट घ्यायचं. लिहिलेलं न बघता तीनदा ऐकायचं आणि काय कळलं ते चक्क मराठीत वहीत लिहायचं. मग लेखी मजकूर समोर ठेवून पुन्हा ऐकायचं आणि कान जिथे घसरला तिथे खूण करायची. खुणा बघितल्या की मुलांना धक्का बसतो, कारण घसरलेले शब्द पाचवी-सहावीतलेच असतात. 'व्हॉट आर यू गोइंग टू डू' हे सहाही शब्द त्याला येतात, पण बोलणारा ते 'वॉटयगोनडू' असं एका दमात म्हणून जातो. छापील शब्दांमध्ये जागा असते, बोलण्यात ती नसते. हे कानाला सवयीनंच कळतं, व्याकरणाच्या तक्त्यातून नाही. दुसऱ्या दिवशी तेच मिनिट पुन्हा. रोज वीस मिनिटं यात गेली तरी पुष्कळ.

क्रिकेट बघणाऱ्या पोरांसाठी आणखी सोपा मार्ग आहे. सामना मराठी समालोचनात बघा, मग त्याचीच हायलाइट इंग्रजी समालोचनात ऐका. कोण बाद झालं हे आधीच ठाऊक असतं, त्यामुळे सगळं लक्ष शब्दांवर राहतं. सकाळी त्याच सामन्याची बातमी इंग्रजी पेपरात वाचा. अग्रलेखाच्या वाटेला इतक्यात जाऊ नका. अग्रलेख वाच म्हणून मुलाच्या मागे लागणारे वडील स्वतः मराठी अग्रलेख वाचतात का, हा प्रश्न मी विचारत नाही.

वाचनात एकच पथ्य पाळा. पानावर चार-पाच ठिकाणांहून जास्त अडलं, तर ते पुस्तक आज तुमचं नाही. दहावी पास झालेल्या मुलानं बालभारतीचं सातवीचं इंग्रजी पुस्तक काढून बसण्यात काहीही लाज नाही. ई-बालभारतीवर ते फुकट मिळतं. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर शेकडो गोष्टी आहेत, त्यातल्या कित्येक मराठीतही आहेत आणि इंग्रजीतही. आधी मराठी वाचा, मग इंग्रजी. गोष्ट संपली की पुस्तक मिटून आईला मराठीत सांगा. आईला इंग्रजी येत नसलं तर उत्तमच, तिला गोष्ट कळली म्हणजे तुम्हाला कळली.

आता आईवडिलांशी थोडं स्पष्ट बोलतो. धनकवडी-कात्रजला खोली घेऊन आई आणि मुलं तिकडे, वडील आणि म्हातारी माणसं गावाकडे, अशी घरं या तालुक्यात भरपूर आहेत. नोकरीसाठी गेलात तर ठीक. पण आठवीतल्या मुलीला मराठी शाळेतून काढून केवळ इंग्रजी माध्यमासाठी नेत असाल, तर काय करताय ते नीट बघा. तिला विज्ञान मराठीत कळत होतं. आता ते न कळणाऱ्या भाषेत येणार आणि ती पुन्हा पाठांतरावर जाणार. इंग्रजीही येत नाही आणि विज्ञानही गेलं, अशी मुलं दहावीला माझ्यासमोर येऊन बसतात. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शक्यतो आठवीपर्यंत मातृभाषेतून शिकवा असंच म्हटलं आहे. शाळेत सेमी-इंग्रजी असेल आणि मुलगी पाचवीपासून त्यात रुळली असेल, तर राहू द्या. मध्येच गाडी बदलू नका.

आणि ते "काकांना इंग्लिशमध्ये बोलून दाखव बरं" बंद करा. ज्या घरात कुणीच इंग्रजी बोलत नाही, तिथे पंधरा वर्षांच्या पोराला पाहुण्यांसमोर उभं करायचं, तो अडखळला की "एवढी फी भरून काय उपयोग" म्हणायचं. त्यानंतर ते मूल इंग्रजी येत असलं तरी तोंड उघडणार नाही. लहान मूलही आधी वर्षभर नुसतं ऐकतं, मग बोलतं. तेव्हा तुम्ही धीर धरला होतात ना?

बाकीच्या वाटा तुम्हाला ठाऊक आहेत, त्यामुळे थोडक्यात. नीट आणि जेईई मेन मराठीतूनही देता येतात, पण पुढची बहुतेक पुस्तकं इंग्रजीच, म्हणजे वाचन लागणारच. खडकवासल्याच्या एनडीएची स्वप्नं बघणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की प्रवेश परीक्षेतल्या ६०० गुणांच्या सामान्य क्षमता पेपरात २०० इंग्रजीचे असतात. यूपीएससीची मुख्य परीक्षा मराठीत लिहिता येते, तरी इंग्रजीच्या ३०० गुणांच्या पात्रता पेपरात २५ टक्के मिळवावे लागतात. नर्सिंग करून परदेशी जायचं, तर आयईएलटीएसमध्ये ४० प्रश्न ऐकण्याचे आणि ४० वाचण्याचे, आणि ऐकण्याची ध्वनिफीत एकदाच लागते. पोलीस भरती, आयटीआय, कॉमर्स यांबद्दल मला विचारायला कुणी येतच नाही, सगळं आधीच ठरलेलं असतं.

ज्याबद्दल कुणीच विचारत नाही, असं एक काम मात्र सांगतो: अनुवाद. भोरच्या न्यायालयात साक्ष मराठीत होते, कागद मराठीत असतात. प्रकरण अपिलात मुंबई उच्च न्यायालयात गेलं की तिथला कारभार इंग्रजीत, आणि ते सगळे कागद कुणीतरी इंग्रजीत आणावे लागतात. उच्च न्यायालयात भाषांतरकारांची आणि दुभाष्यांची पदं असतात. राज्याचं भाषा संचालनालय १९६०पासून आहे, तिथे अनुवादक लागतात. बँका, विमा कंपन्या, औषध कंपन्या, प्रकाशक यांनाही लागतात. "आता एआय करतं ना सगळं?" हा पुढचा प्रश्न. सर्वोच्च न्यायालयानं २०१९ साली 'सुवास' हे भाषांतराचं सॉफ्टवेअर आणलं, तरी त्यातून आलेला मजकूर तपासायला दोन्ही भाषा मुरलेला माणूस लागतोच. सातबारा, फेरफार, वहिवाट, बांध, पोटहिस्सा हे ज्याला घरातूनच कळतं, असा आंबवड्याचा मुलगा या कामात पुण्यातल्या इंग्रजी शाळेच्या मुलापेक्षा दोन पावलं पुढे असतो. अट एवढीच की इंग्रजी त्याला वाचून आणि ऐकून नेमकं कळलं पाहिजे. फाडफाड बोलता नाही आलं तरी चालेल. बीए इंग्रजी किंवा मराठी, कायद्याची पदवी, भाषांतराचा एखादा अभ्यासक्रम, यांतून इथे पोचता येतं. आर्ट्सला गेलेल्या मुलीला "काहीच मिळालं नाही म्हणून" असं म्हणणाऱ्या नातेवाइकांनी हा परिच्छेद पुन्हा वाचावा.

निकाल लागल्यापासून अकरावीचे वर्ग सुरू होईपर्यंत मुलं घरीच असतात. या दिवसांत क्लासची पावती फाडू नका. रोज वीस मिनिटं ऐकणं, वीस मिनिटं वाचणं, एवढं पोराला करू द्या, आणि दिवाळीपर्यंत त्याला इंग्रजी बोलून दाखवायला सांगू नका.