चुकलेल्या वाटेचा हिशेब

शर्यत म्हटली म्हणजे चुन्याने आखलेले मैदान आणि शिट्टी हाती घेऊन उभे असलेले गुरुजी आपल्या डोळ्यांपुढे येतात. परंतु जिच्यात वाट मुळी आखलेलीच नसते अशीही एक शर्यत आहे. तिचे नाव ओरिएंटियरिंग. स्पर्धकाजवळ एक नकाशा व एक होकायंत्र असते. नकाशावर दाखविलेली ठाणी अरण्यात नेमून दिलेल्या क्रमाने गाठावयाची असतात. प्रत्येक ठाण्यावर पांढऱ्या व नारिंगी रंगांचा ध्वज लावलेला असतो. दोन ठाण्यांमधील वाट मात्र ज्याची त्याने निवडावयाची. एखादे ठाणे राहून गेले, तर स्पर्धक कितीही वेगाने धावला असला तरी बाद ठरतो.

नॉर्वे व स्वीडन या देशांत हा खेळ वाढीस लागला. १९६१ साली कोपनहेगन येथे त्याची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि १९६६ साली फिनलंडमधील फिस्कार्स येथे पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरली. या खेळाचा नकाशाही निराळा असतो. आपल्या भूगोलाच्या नकाशासंग्रहात हिरवा रंग सखल प्रदेश दाखवितो. येथे तो दाट झाडी दाखवितो. धावता येण्याजोगे अरण्य पांढरे, मोकळे रान पिवळे, पाणी निळे, खडक काळे आणि चढउतार दाखविणाऱ्या समोच्च रेषा तपकिरी असतात.

अशा शर्यतीत हार झाली म्हणजे खेळाडूने काय करावे, हा आमच्या आजच्या पाठाचा विषय आहे. 'आज नशीब फिरले' किंवा 'आपल्याला हे जमणारच नाही' असे म्हणून मोकळे होणे सोपे असते. जाणता खेळाडू तसे करीत नाही. तो नकाशा पुन्हा उघडतो, आपण प्रत्यक्ष कोणत्या वाटेने गेलो ती रेषा पेन्सिलीने काढतो आणि प्रत्येक टप्प्यास लागलेला वेळ इतरांच्या वेळेशी ताडून पाहतो.

समजा, पाचव्या ठाण्यावरून सहाव्यावर जाण्यास इतरांना ५ मिनिटे लागली आणि आपल्याला ९. म्हणजे ४ मिनिटे गमावली. ती कोठे गेली? आपण म्हणू, ध्वज सापडेना म्हणून झुडपांत भटकलो, तेथे गेली. परंतु रेषा नीट पाहिली तर निराळेच दिसते. पाचवे ठाणे सोडताना आपण होकायंत्राकडे पाहिलेच नव्हते. पुढचा गडी ज्या बाजूस पळाला, त्याच बाजूस आपणही पळालो. त्यामुळे एका ओहोळाऐवजी शेजारच्या, तशाच दिसणाऱ्या ओहोळापाशी पोहोचलो. चूक घडली ती तेथे. झुडपांत ती केवळ उघडकीस आली. चूक घडते एका जागी व दिसते दुसऱ्या जागी, ही गोष्ट ज्याला कळली त्याचा अर्धा अभ्यास झाला. वाट चुकलेल्या स्पर्धकासाठी या खेळात एक साधा नियम आहे: उगाच धावत सुटू नये, थांबावे आणि जी जागा खात्रीने ओळखता येते तेथपर्यंत परत जावे. हाच नियम पराभवाच्या चिंतनासही लागू पडतो.

तथापि प्रत्येक पराभव चुकीमुळेच होतो असे नाही. थिएरी गेऑर्जिऊ या फ्रेंच खेळाडूची हकीकत या बाबतीत बोधप्रद आहे. २००३, २००४ व २००५ अशी ओळीने तीन वर्षे मध्यम अंतराच्या शर्यतीत तो जगज्जेता झाला होता. २००८ साली चेक प्रजासत्ताकातील ओलोमोउत्स येथे तिघातिघांच्या संघांची टप्प्याटप्प्यांची शर्यत चालू होती. शेवटच्या टप्प्यावर थिएरी आघाडीवर असताना त्याच्या घशात मधमाशीने दंश केला. श्वास घेणे कठीण होऊन त्याला शर्यत सोडावी लागली.

पुढल्याच वर्षी, २००९ साली, हंगेरीतील मिश्कोल्ट्स येथे तशाच शर्यतीच्या अखेरच्या टप्प्यावर तो पुन्हा पुढे होता. त्याच्याबरोबर झुंजत असलेल्या स्वीडनच्या मार्टिन योहान्सनच्या मांडीत एक काटकी खोलवर शिरली. थिएरी, नॉर्वेचा अँडर्स नॉर्डबर्ग आणि चेक संघाचा मिखाल स्मोला या तिघांनी पदकाची आशा सोडून शर्यत थांबविली व जखमी प्रतिस्पर्ध्यास साहाय्य केले. सुवर्णपदक स्वित्झर्लंडला मिळाले.

या दोन पराभवांत चुकीच्या वाटेचा दोष कोठे आहे? पहिला दैवाचा घाला होता. तो सोसावयाचा असतो. दुसरा तर पराभवच नव्हे. ते कर्तव्य होते आणि कर्तव्याबद्दल पश्चात्ताप करावयाचा नसतो. म्हणून आम्हांस असे वाटते की, अपयशाचा हिशेब मांडताना वहीच्या पानावर तीन रकाने आखावेत: आपली चूक, दैव आणि कर्तव्य. सुधारणा काय ती पहिल्या रकान्यातच करता येते. पण पहिल्यातील रकमा हळूच दुसऱ्यात ढकलण्याचा मोह सर्वांनाच होतो आणि खरी प्रामाणिकपणाची कसोटी तेथेच लागते.

२०११ साली ही अजिंक्यपद स्पर्धा फ्रान्समध्येच भरली. त्या वेळी शेवटचा टप्पा पुन्हा थिएरीच धावला आणि फ्रान्सच्या संघाने सुवर्णपदक जिंकले.

विद्यार्थी मित्रहो, तपासलेली उत्तरपत्रिका हाती आली की आपण आधी गुण पाहतो, मग शेजाऱ्याचे गुण पाहतो आणि ती दप्तरात कोंबतो. पुढच्या खेपेस ती शांतपणे उघडावी. गणिताचे उत्तर शेवटच्या ओळीत चुकलेले दिसेल. परंतु बोट ठेवीत वर वर जावे. कोठल्या ओळीपर्यंत सारे बरोबर होते, ते सापडेल. त्या ओळीपासून पुन्हा निघावे.