एक्स-रे नॉर्मल, मनगट मात्र दुखतंय

पावसात गाडी घसरली आणि मी तळहातावर आपटलो. कॅज्युअल्टीत एक्स-रे झाला. ‘फ्रॅक्चर नाही, मुका मार आहे,’ असं सांगून क्रेप बँडेज बांधून घरी पाठवलं. सूज उतरली, पण दुधाची पिशवी उचलतानाही अंगठ्याच्या मुळाशी कळ यायची. पुढे एका ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी, अंगठा ताणल्यावर मनगटापाशी खळगा पडतो ना, नेमकं तिथे दाबलं. मी ओरडलोच. पुन्हा एक्स-रे काढला, या वेळी वेगळ्या कोनातून. स्कॅफॉइड मोडलं होतं.

काजूएवढं हे हाड. त्याला रक्त मुख्यतः बोटांच्या बाजूने मिळतं. मधोमध मोडलं, तर कोपराकडच्या तुकड्याचा पुरवठा तुटू शकतो. मग हाड जुळत नाही, कधी तो तुकडा मरतोही. पहिल्या दिवशी भेग अनेकदा दिसतच नाही. १० ते १४ दिवसांत तिच्या कडा झिजतात, तेव्हा ती उठून दिसते. म्हणून संशय असेल तर एक्स-रे नॉर्मल असला तरी मनगट प्लास्टरमध्ये ठेवून पुन्हा फोटो काढतात, किंवा आधीच एमआरआय करतात. मला हे कुणी सांगितलंच नव्हतं.

त्यामुळे आता कुणी ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ म्हणालं, की मी विचारतो, कशाचा रिपोर्ट?

एक्स-रे हाड दाखवतो. लिगामेंट, गुडघ्यातली गादी, कूर्चा दाखवत नाही. गुडघ्याची झीज पाहायची तर फोटो उभं राहून काढलेला बरा, कारण वजन पडल्यावरच सांध्यातली फट किती उरली ते कळतं. सांध्याजवळच्या गुंतागुंतीच्या फ्रॅक्चरचे तुकडे सीटी स्कॅनमध्ये नीट मोजता येतात, पण त्यात किरणोत्सर्ग जास्त. लिगामेंट, हाडातली सूज, खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटल्याची सुरुवात, हे एमआरआय पकडतो. पेसमेकर किंवा अंगात धातू असेल तर आधी सांगा. तान्ह्या बाळाच्या खुब्यासाठी सोनोग्राफी, कारण तिथे अजून कूर्चाच असते. हाडांच्या ठिसूळपणासाठी डेक्सा स्कॅन. त्यातला टी-स्कोर उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस.

मात्र कंबर धरली की स्वतःहून एमआरआयला धावू नका. चाळिशीनंतर काहीही न दुखणाऱ्यांच्याही मणक्यातली गादी फुगलेली दिसते, आणि तो कागद वाचून माणूस उगाच धास्तावतो. पण पायातली ताकद कमी होत असेल, लघवीवर ताबा राहत नसेल, तर एक दिवसही थांबू नका.

पडल्यावर म्हाताऱ्या माणसाला पाय टेकवत नसेल, तर नॉर्मल एक्स-रेवर समाधान मानू नका. खुब्याचं फ्रॅक्चर त्यातून निसटू शकतं. डॉक्टरांना सरळ विचारा, ‘या तपासणीत काय दिसत नाही? दुखणं राहिलं तर पुन्हा कधी येऊ?’ आणि जाताना नुसता रिपोर्ट नको, जुनी फिल्म किंवा सीडीही न्या.