कुंडीतील मोगरा आणि सरकते ऊन

वनस्पतींना किती ऊन लागते हे रोपवाटिकांतून सहसा तासांत सांगितले जाते: मोगरा, गुलाब, मिरची यांना दिवसाकाठी किमान सहा तास थेट ऊन हवे, पालक-मेथी तीन-चार तासांवरही भागवतात, तर नेचे व मनीप्लँट यांना झिरपून आलेला उजेड पुरतो. हा हिशेब ढोबळमानाने खरा असला, तरी ते सहा तास कोणत्या महिन्यातले हा प्रश्न त्यात निसटतो आणि गॅलरीतील बागेचे पुष्कळ नुकसान तेथूनच सुरू होते.

पुणे सुमारे साडेअठरा उत्तर अक्षांशावर असल्याने २२ डिसेंबरच्या सुमारास माध्यान्हीचा सूर्य तेथे दक्षिण क्षितिजापासून जेमतेम ४८ अंश वर असतो आणि दक्षिणेकडील गॅलरीत ऊन बरेच आतपर्यंत येते. पुढे तो चढत जातो, मेच्या मध्यास, म्हणजे शून्य सावलीच्या दिवशी, नेमका डोक्यावर येतो आणि जुलैअखेरपर्यंत माध्यान्ही उत्तरेकडे कललेला राहतो. त्यामुळे बाहेर वैशाखवणवा पेटलेला असताना त्याच गॅलरीवर वरच्या स्लॅबची सावली असते.

प्रस्तुत लेखिकेने डिसेंबरात आणलेला मोगरा याच अज्ञानाने गेला. मार्चअखेर ऊन कठड्याशी सरकले, एप्रिलात तेही उरले नाही, आणि ऐन कळ्यांच्या हंगामात फांद्या लांबट, फिकट होऊन बाहेर झुकल्या. पान उजेडात साखर तयार करते आणि श्वसनात अहोरात्र ती खर्चही करते. ज्या उजेडात ही कमाई आणि खर्च समसमान होतात, त्याला भरपाई बिंदू म्हणता येईल. सावलीतल्या वनस्पतींत तो फार खाली असतो, मोगऱ्यासारख्या ऊनप्रिय झाडात बराच वर. लेखिकेने मात्र त्या फिकटपणाला खताची उणीव मानून युरिया दिला आणि पाणीही वाढवले. उजेड कमी असलेले झाड पाणी कमी ओढते, ही गोष्ट कुंडी उपडी केली तेव्हा उमगली: मातीला आंबूस वास होता, मुळे तपकिरी पडली होती आणि चिमटीत धरताच त्यांची साल दोऱ्यावरून निघावी तशी सुटून येत होती.

म्हणून रोप आणण्यापूर्वी दर महिन्याला एकदा सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीन वाजता उन्हाची कड खडूने जमिनीवर आखावी. डोळ्यांच्या अंदाजावर विसंबू नये, कारण भर दुपारच्या उघड्या उन्हाचे मान एक लाख लक्सच्या आसपास असते आणि घरातील उजेड काही शेकड्यांत, तरी सरावलेल्या डोळ्यांना दोन्ही पुरेसेच वाटतात. अशा गॅलरीत हिवाळ्यात मेथी, पालक किंवा शेवंती घ्यावी. शेवंतीला कळ्या धरण्यास लांब, अखंड रात्र लागते, तेव्हा रस्त्यावरील दिव्याचा झोत तिच्यावर पडू देऊ नये.

पानमळ्यातील शेतकरी वेलीसाठी शेवरी-पांगाऱ्याची सावली आधी उभी करतात आणि फांद्या छाटून ती राखतात. गॅलरीत स्लॅब छाटता येत नाही, तेव्हा मोगऱ्याची कुंडी फेब्रुवारीतच गच्चीवर न्यावी. घरात वाढलेले नेचे मात्र तिच्यासोबत नेऊ नयेत, त्यांची पाने एका दुपारीही करपतात.