सौर पॅनल : सपाट की तिरपा?



मागील सहलीत रस्त्याच्या कडेला एक फिरते घर असलेली गाडी उभी होती. तिच्या छपरावर सौर पॅनल सपाट बसविलेले होते आणि शेजारी जमिनीवर एक पॅनल टेकू देऊन तिरपा ठेवला होता. “सर, दोन प्रकार कशाला?” असे सातवीच्या मुलांनी विचारले. तेव्हा आम्ही घाईत उत्तर दिले. आज नीट पाहू.

ऊन पॅनलवर जितके सरळ पडेल तितकी वीज जास्त. आपले गौलीगुडा सुमारे १७.४ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २२ डिसेंबरला भर दुपारी सूर्य डोक्यावरून सुमारे ४१ अंश दक्षिणेला असतो. तेव्हा सपाट पॅनलला थेट उन्हाचा सुमारे ७६ टक्के लाभ मिळतो, तर दक्षिणेकडे १७ अंश तिरपा ठेवल्यास ९२ टक्के. २१ जूनला मात्र सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. तेव्हा सपाट पॅनलच सरस ठरतो.

मग छपरावर सपाट का बसवितात? गाडी सतत दिशा बदलते, वाराही लागतो. १४ जुलै २०१७ रोजी दिल्लीच्या सफदरजंग स्थानकावरून सुरू झालेल्या रेल्वेगाडीच्या डब्यांवरही पॅनल छपरालगतच होते. छपरावरचा पॅनल चालत्या गाडीतही काम करतो. पण गाडी झाडाखाली लावली की तोही सावलीत जातो. जमिनीवरचा पॅनल उन्हात सरकविता येतो, मात्र तो रोज मांडावा आणि सांभाळावा लागतो.

आता आपल्या शाळेचे. गच्चीवर पॅनल बसविण्याचा विषय विश्वस्त मंडळापुढे आहे. गच्ची जागची हलत नाही, म्हणून तिरपे पॅनल योग्य. पावसाने धूळही धुऊन जाते. परंतु आमची खरी काळजी सावलीची आहे. पॅनलच्या थोड्या भागावर सावली पडली तरी वीज बरीच घटते, आणि आजूबाजूला इमारती उंच होत आहेत. देणगीदारांचा पैसा सावलीत घालविणे बरे नव्हे.

म्हणून गृहपाठ : २२ डिसेंबरला सव्वाबाराच्या सुमारास गच्चीवर १ मीटरची काठी उभी करा. सावली सुमारे ८६ सेंटिमीटर भरेल. सकाळी नऊ व दुपारी तीन वाजता शेजारच्या इमारतींची सावली कोठवर येते, तेथे खडूने रेघ ओढा. पालकांनीही सोबत यावे. तो नकाशा आम्ही विश्वस्तांपुढे ठेवू, मगच निर्णय होईल.